पन्नाशीत सासरी जाताना

(१९९१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘सध्या काय चाललंय ते दहा मिनिटांत सांग.’ माझ्या आधी बोललेल्यांनी पूर्ण झालेल्या गोष्टी सांगितल्या. कुणाचं घर बांधून झालं, कुणाच्या मुलीचं लग्न झालं, कुणी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माझ्याकडे तसं पूर्ण झालेलं काही नाही. आमच्या घरात गेलं वर्षभर एकच विषय आहे: नवऱ्याच्या देशात राहायला जायचं का? तोच तुमच्यासमोर मांडते. तुमच्यापैकी अनेकांची मुलं आज ना उद्या या प्रश्नापाशी येणार आहेत, तेव्हा माझ्या चौकशांचा उपयोग होईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी फिजिओथेरपिस्ट. पुण्यात कोथरूडला माझं छोटं क्लिनिक आहे. नवरा जर्मन, ग्योटिंगेन गावचा. पुण्यात शिकायला आला होता. २००६ मध्ये आम्ही विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी कार्यालयात लग्न केलं, तीस दिवसांची नोटीस लावून. ती नोटीस वाचून आमच्या अण्णांना कोणाकोणाचे फोन आले, ते पुन्हा कधीतरी सांगेन. मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. म्हणजे वीस वर्षं माझा नवरा माझ्या देशात राहिला. आता त्याच्या आईला ब्याऐंशीवं लागलंय. त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, इमारतीला लिफ्ट नाही आणि गेल्या वर्षी त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. तो एकुलता एक. इकडे अण्णांजवळ भाऊ-वहिनी आहेत. त्यामुळे प्रश्न पडायला फार वेळ लागला नाही.

पहिली गोष्ट मला मैत्रिणींशी बोलायची आहे. आपल्याकडे बायकोनं नवऱ्याच्या गावी जाणं हा प्रश्नच नसतो, ती रीत असते. माझी आई चिपळूणची. १९७१ साली कुंभार्ली घाट चढून ती सातारला आली. मासे सुटले, भात कमी झाला, ताटात भाकरी आली, नाव बदललं, बोलण्याचा हेलसुद्धा बदलला. ‘तुला जमेल का?’ असं तिला कुणी विचारलं नाही. पुढं ती याच गावची झाली, अजिंक्यताऱ्याकडे बघितल्याशिवाय तिला सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही. पण चिपळूणच्या घरातलं तिचं काय काय सुटलं, याचा हिशेब कुणी मांडला नाही, तिनंही नाही. मला मात्र विचारलं जातंय. म्हणून मी ठरवलं की विचारलंच आहे तर नीट तोलून उत्तर द्यायचं. नुसतं ‘सासूबाई एकट्या आहेत, गेलंच पाहिजे’ असं नाही, आणि ‘या वयात कशाला’ असंही नाही.

सुरुवातीला आम्ही तोलायला बसलो ते देश. तिथली हवा स्वच्छ, पदपथ मोकळे, इथं आमचा कर्वे रस्ता. इथं दार उघडलं की शेजार, तिथं रविवारी दुकानंही बंद. डिसेंबरात तिथं साडेआठच्या सुमाराला उजाडतं आणि सव्वाचारला सूर्य मावळतो. अशा याद्या करून काही हाती लागलं नाही. ज्या दिवशी वाहतुकीत दीड तास गेला त्या दिवशी जर्मनीचं पारडं जड, ज्या दिवशी आंब्याची पेटी आली त्या दिवशी पुण्याचं. मग लक्षात आलं की मला जर्मनीत राहायचं नाहीये, मला तिथल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता काहीतरी करायचं आहे. ते काय, कुणाच्या भरवशावर आणि कुठल्या भाषेत, एवढंच तोलायचं होतं.

कुणाच्या भरवशावर, हे आधी. मला जर्मन नागरिकाची पत्नी म्हणून व्हिसा मिळतो. त्यासाठी इथूनच जर्मन भाषेची ए-वन ही पहिली परीक्षा उत्तीर्ण होऊन जावं लागतं. ती मी झाले. तिथं पोचल्यावर मिळणाऱ्या परवान्यावर पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, ही मोठी सोय. पण तिथं एकत्र राहून तीन वर्षं होईपर्यंत तो परवाना साधारणपणे लग्नाला बांधलेला असतो. अन्याय-अत्याचारासारख्या प्रसंगी कायदा सवलत देतो, तरी मूळ गोष्ट ही की सुरुवातीची तीन वर्षं माझं तिथलं राहणं माझ्या एकटीचं नसेल. हे वाचून मी जरा तणतणतच नवऱ्याकडे गेले. तो म्हणाला, “माझं ओसीआय कार्ड काढून बघ.” खरंच होतं. त्याला ते कार्ड माझा नवरा म्हणून मिळालंय, लग्न मोडलं तर ते रद्द होऊ शकतं. त्याच्या सुरुवातीच्या व्हिसावर तर नोकरीचीही परवानगी नव्हती. मी क्लिनिकमध्ये असायचे आणि तो पिशवी घेऊन मंडईत. सोसायटीच्या सभेत बसून बसून त्यानं मराठी शिकून घेतली. वीस वर्षं हा माणूस माझ्या नावावर या देशात राहिला आणि त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही.

मग माझ्या मनात साहजिकच आलं, आता माझी पाळी. फेड करायला हवी. तसं मी त्याला म्हटलंही. त्यावर तो जे म्हणाला ते मला इथं सांगायचं आहे: “ये, पण फेड म्हणून येऊ नकोस. फेडीला आलेलं माणूस रोज हिशेब बघतं.” तुमच्या मुला-मुलींना सांगायला मला याहून चांगलं वाक्य सापडलेलं नाही.

आता काम. फिजिओथेरपी हा जर्मनीत कायद्यानं बांधलेला व्यवसाय आहे. आपली पदवी तिथल्या सरकारी खात्याकडून तपासून घ्यावी लागते, अभ्यासक्रमात तफावत निघाली तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा, आणि भाषा साधारण बी-टू पातळीची. तिथं या कामाला माणसं कमी पडतात, त्यामुळे नोकरी मिळेल. पण इथं माझ्याकडे पेशंट थेट येतो. तिथं बहुतेक जण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतात, चिठ्ठीवर ठरावीक बैठका आणि एकेक बैठक साधारण वीस मिनिटांची. चोवीस वर्षं स्वतःच्या मर्जीनं काम केलेल्या बाईनं पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली उभं राहायचं.

त्याहून अवघड आहे ती भाषा. माझं निम्मं काम हातांचं, निम्मं कानांचं. पेशंट सांगतो कळ येते, चमक निघते, ठणकतंय, रग लागलीय, मुंग्या येतायत, अवघडलंय. यातला प्रत्येक शब्द मला वेगळ्या ठिकाणी घेऊन जातो. चमक म्हटलं की मी एक तपासते, ठणका म्हटलं की दुसरं. हे शब्द मला कुठल्या महाविद्यालयानं शिकवले नाहीत, ते आपल्या गावानं दिले. जर्मनमध्ये मी या बाबतीत बालवाडीत आहे. गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या पायाला व्यायाम देताना त्यांनी एक शब्द शिकवला, क्रिबेल्न. म्हणजे मुंग्या येणं. मी आपल्या मुंग्यांची गोष्ट त्यांना सांगितली, त्या खूप हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, जमेल.

इथं मला कमलाताई निंबकरांची आठवण काढायची आहे. आपल्या जिल्ह्यातल्या फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे. मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० साली त्या भारतात आल्या. पुढे त्यांनी व्यवसायोपचाराचं शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण आपल्या देशात पहिल्यांदा सुरू केलं. आमच्या क्षेत्रात त्यांचं नाव आदरानं घेतात. लग्न करून आल्या आणि वीस वर्षांनी त्यांचं मोठं काम उभं राहिलं. मला काही संस्था काढायची नाही. पण परक्या देशात माणूस ‘अमक्याची बायको’ म्हणून उतरतं आणि स्वतःच्या कामानं तिथलं होतं, हे त्यांच्याकडे बघून पटतं. वेळ मात्र द्यावा लागतो. त्या आल्या तेव्हा तरुण होत्या, मी पन्नास ओलांडलेय, हा फरकही मी विसरत नाही.

कागदपत्रांच्या दोन गोष्टी, कारण त्या कुणी आधी सांगत नाही. एक म्हणजे नागरिकत्व. जर्मनीनं २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, पण आपला देश ते मानत नाही. तिथलं घेतलं की इथलं जातं. मग ओसीआय कार्डावर येता-राहता येतं, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मी माझा पासपोर्ट ठेवणार आहे. दुसरी गोष्ट म्हातारपणाची. तिथल्या सरकारी निवृत्तिवेतनासाठी किमान पाच वर्षं वर्गणी भरलेली लागते. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. भविष्य निर्वाह निधीत नोकरीची वर्षं भरलेल्यांनी त्याची चौकशी जरूर करावी. आणि आरोग्यविमा. पंचावन्न ओलांडल्यावर, मधली पाच वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला तिथल्या सार्वजनिक विम्यात पुन्हा शिरणं फार अवघड होतं. माझा नवरा त्रेपन्न वर्षांचा आहे. म्हणजे ‘बघू निवांत’ म्हणायलाही आम्हाला फार वेळ नाही.

तर आम्ही काय ठरवलं? कायमचं काहीच नाही. या सप्टेंबरात जायचं, एक वर्षासाठी. क्लिनिक बंद करायचं नाही, माझ्याबरोबर नऊ वर्षं काम केलेली सहकारी ते चालवेल. माझी पदवी तपासायला मी जाताच अर्ज करणार. घर सासूबाईंच्या इमारतीत तळमजल्यावर मिळालं तर घ्यायचं आणि त्यांनाच खाली आणायचं. पुढच्या वर्षी गणपतीत इथं येऊन दोघांनी पुन्हा बसायचं, आणि त्या वेळी ‘नाही जमत’ म्हणायचा हक्क दोघांनाही सारखाच. तो म्हणाला, “त्याचासुद्धा?” मी म्हटलं, त्याचासुद्धा. कारण वीस वर्षांत तोही पुण्याचा झालाय. तिथं गेल्यावर करमणार नाही ते कदाचित त्यालाच.

हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तुझी आई घाट चढून आली, तू समुद्र ओलांडून जा. पण तिला पत्र यायला आठ दिवस लागायचे, तू रोज दिसशील.” त्यांना फोनवर चेहरा धड दिसत नाही, मोतीबिंदू आहे. ते मी बोलले नाही, त्यांनीही नाही.

शेवटी एक मागणं. सर, बाई, तुम्ही आशीर्वाद द्यालच. मित्र-मैत्रिणींनो, तुमच्यापैकी दहा-बारा जण आजही सातारला राहता. पोवई नाक्यावरून जाता-येता कधी सवड झाली, तर अण्णांकडे चहाला जा. काही न्यायला नको, कंदी पेढे तर मुळीच नको, त्यांना साखर आहे. दहा मिनिटं बसा आणि आपल्या तुकडीच्या गोष्टी सांगा. शाळेतल्या सगळ्यांची नावं त्यांना अजून पाठ आहेत. मी तिथं मुंग्यांना काय म्हणतात ते शिकत असेन, तेवढं तुम्ही इथलं बघा.