कोंबडीचे आतडे आणि उकिरड्यातील अळी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून कोंबडीच्या आतड्याविषयी बोलावयाचे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या निधीतून खानापूरकडील खेड्यांत ज्या भगिनींना पिले दिली जातात, त्यांच्या दृष्टीने हा विषय मुलांच्या वह्यापुस्तकांचा आहे. पिलू जगले तर अंडे, आणि अंडे आले तर बाजाराच्या दिवशी हातात चार पैसे. राणीखेतीवर लस आहे. ती टोचून घेतलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण लस टोचलेली पिलेही हगवण लागून जातात. मग दुकानदार देईल ती प्रतिजैविकाची पूड पाण्यात कालवली जाते. किती दिवस आणि किती मापाने, हे कोणी विचारीत नाही.

ही पूड फुकट तर मिळत नाहीच, शिवाय तिची सवय जंतूंना लागते आणि उद्या माणसाच्या आजारात तेच औषध कुचकामी ठरते. म्हणूनच कोंबड्या लवकर वाढाव्यात यासाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यास युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी केली. आपल्या सरकारनेही २०१९ साली कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यास मनाई केली. बंदी झाली हे ठीकच. पण आतडे निरोगी ठेवावयाचे कशाने, हा प्रश्न त्यानंतर उभा राहिला, आणि त्याचे एक उत्तर शोधता शोधता शास्त्रज्ञ आपल्या उकिरड्यापर्यंत येऊन पोचले.

गावठी कोंबडी दिवसभर काय करते? उकिरडा उकरते. दाणा समोर असला तरी अळी दिसताच ती टाकून धावते. वारूळ फोडून वाळवी पिलांपुढे टाकण्याची रीत आपल्याकडील म्हाताऱ्या बायकांना ठाऊक आहे. पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो, टोगो, बेनिन या देशांतील शेतकरी तर मडक्यात ओला पेंढा व शेण भरून ते वाळवीच्या बिळावर पालथे घालतात आणि भरले की पिलांपुढे रिकामे करतात. एकमेकांना कधी न पाहिलेल्या माणसांना एकच युक्ती सुचावी, यात आम्हाला तरी नवल वाटत नाही. दोघांचीही गुरू कोंबडीच आहे!

आता शास्त्राचे म्हणणे. किड्याच्या कवचात कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. तो पचविणारा पाचकरस कोंबडीच्या जठरात तयार होतो, असे जपानी संशोधकांनी २०१७ साली दाखविले. म्हणजे किडा हे तिचे मूळचेच अन्न. जे कायटिन पचत नाही ते आतड्याच्या शेवटच्या आंधळ्या पिशव्यांत उतरते. तेथील उपकारक जंतू ते आंबवतात आणि ब्युटिरिक आम्ल तयार होते. आतड्याच्या अस्तरातील पेशी याच आम्लावर पोसल्या जातात. आणखी एक गोष्ट. ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणून एक काळी, गांधीलमाशीसारखी दिसणारी माशी आहे. ती चावत नाही आणि घरमाशीप्रमाणे अन्नावर घोंघावत नाही. तिच्या अळीच्या चरबीत लॉरिक आम्लाचा मोठा वाटा असतो. खोबरेलात असते तेच हे. आतड्याला व्रण पाडणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंना ते मारक ठरते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

एवढे ऐकून कोणी घरी जाऊन कोंबड्यांना नुसत्या अळ्याच घालू लागेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. इटलीतील एका प्रयोगात अंड्यावरच्या कोंबड्यांची सोयापेंड पूर्ण बंद करून तिच्या जागी याच अळीचे पीठ दिले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आतड्यातील ब्युटिरिक आम्ल वाढले खरे, पण कोंबड्या खाऊ लागल्या कमी, आणि अंडीही उतरली. कायटिन फार झाले की प्रथिनांचे पचन मंदावते. तेव्हा एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच राहावे, असे आमचे मत आहे. आणि अळी म्हणजे औषध नव्हे. रक्ती हगवण लागलेल्या पिलाला अळी खाऊ घालीत बसू नये, त्यास पशुवैद्याकडेच न्यावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे अळी कशावर वाढली, हे पाहणे. मेलेल्या जनावरावरील किडे खाऊन कोंबडीची मान लुळी पडते व ती मरते. कारण कुजलेल्या मांसातील विष किड्याच्या अंगात साठते. घरमाश्या व शेणकिडे यांच्यामार्फत पट्टकृमी कोंबडीच्या पोटात शिरतात. आम्ही उकिरड्याचे कौतुक केले, पण तेथे मेलेला उंदीर पडला असेल तर कोंबड्या तिकडून हाकलाव्यात! युरोपीय संघाने २०२१ साली कोंबड्यांच्या खाद्यात कीटकप्रथिनास मुभा दिली, तीही अळ्यांना विष्ठा वा मांसमिश्रित उष्टे घालावयाचे नाही या अटीवर.

म्हणून विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की, पिलांबरोबर प्रत्येक वाडीस एक अळीची पेटी द्यावी. पेटी साधीच, भाजीची साले, नासकी फळे आणि कोंडा तिच्यात घालावा, मांसमच्छीचा तुकडाही नको. एका बाजूस चढती फळी ठेवली की पूर्ण वाढलेल्या अळ्या आपण होऊन वर चढतात आणि पलीकडील डब्यात पडतात. कोणास हात घालावा लागत नाही. मग त्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवाव्यात. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे, नाहीतर मुंग्या सारे फस्त करतील. पहिली पेटी शाळेच्या मागील आवारात ठेवता येईल. साले कोणी कोणत्या वारी आणावयाची, याची पाळी भगिनींनी आजच आपापसांत लावून घ्यावी.