सुदैव कोणाच्या खात्यावर?



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा, महसूल खात्यात हयात घालविलेला हा मनुष्य जमाबंदीवर किंवा फार तर निजामी अमलातल्या दप्तरांवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी कोरियन वैद्यकीय मालिकांचे नाव घेतले तेव्हा कार्यवाहांनी ते दोनदा विचारून लिहून घेतले, आणि वृद्ध खजिनदार मात्र गालात हसले, कारण त्यांच्या घरी या विषयाचे अध्ययन माझ्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलेले आहे. तेव्हा तज्ज्ञ श्रोत्यांत बसले आहेत, हे ध्यानात ठेवूनच मी बोलणार आहे.

त्या मालिकांकडे मी दैवाच्या वाटेने येणार आहे. दैव म्हणजे काय, हे परभणी जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. बांधाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ हे आपण सारे पाहत आलो आहोत; आणेवारी पन्नास पैशांच्या खाली की वर, एवढ्या एका आकड्यावर गावाचे वर्ष टांगलेले असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट कोसळली, त्या वेळी पंचनाम्यांसाठी आम्ही तलाठ्यांसह शिवारे पालथी घालत होतो. एका शिवारात गहू, हरभरा, मोसंबी सारे आडवे झालेले, आणि मधोमध एका शेतकऱ्याचा गव्हाचा तुकडा जसाच्या तसा उभा. त्या गृहस्थाने आम्हाला दुरून पाहिले आणि तो आपल्या शेतात न थांबता शेजाऱ्याच्या आखाड्यावर येऊन उभा राहिला. चहा त्याच्याच घरून आला, पण तो त्याने शेजाऱ्याच्या बाजेवर बसवून आम्हाला पाजला, आणि निघताना हळूच म्हणाला, "साहेब, माझं काही लिहू नका." नुकसान नसल्याने लिहिण्यासारखे काही नव्हतेच, पण आपले पीक वाचले याची त्याला जी लाज वाटत होती, ती नोंदविण्याचा रकाना कोणत्याही सरकारी नमुन्यात मला आढळलेला नाही.

पुढे सेवानिवृत्तीनंतर पौषातल्या एका पहाटे माझ्या छातीत कळ आली. शेजारच्या मुलाची जीप त्या रात्री योगायोगाने दारात होती, वाटेतले रेल्वेचे फाटक उघडे होते, आणि नांदेडला पोहोचल्यावर हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी काढून जाळी बसविणारे डॉक्टर जागेवर होते. या तीन गोष्टींपैकी एक जरी चुकली असती तरी आज आपण दुसऱ्या कोणाचे व्याख्यान ऐकत बसला असता. त्याच पहाटे पालमकडून आणलेला, वयाने माझ्याहून पुष्कळ लहान असा एक मनुष्य शेजारच्या खाटेवर होता. सकाळी ती खाट रिकामी झाली. घरी आल्यावर रीतीप्रमाणे सर्व झाले : डॉक्टरांना शाल-श्रीफळ, जीपवाल्या मुलाला पोशाख, सत्यनारायण, पत्नीचा तुळजापूरचा नवस, आणि शेजारच्या खालाजानने आपण होऊन सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर चढविलेली चादर. फाटकवाल्याला मात्र कोणी काही दिले नाही. देणार तरी कोण? त्याने वेळापत्रकाप्रमाणे फाटक उघडे ठेवले होते, एवढेच.

याच सक्तीच्या विश्रांतीत माझ्या नातीने मला कोरियन मालिकांपुढे आणून बसविले. हा मुलुख मला अगदीच अपरिचित नव्हता. २००३ साली कोरियात गाजलेली, राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून राजवैद्य होणाऱ्या जांग-गम या स्त्रीची कथा पुढे दूरदर्शनवर हिंदीत आली होती, आणि हो जून या राजवैद्याने १६१० साली सिद्ध केलेला व १६१३ मध्ये मुद्रित झालेला 'तोंगुई बोगाम' हा वैद्यकग्रंथ युनेस्कोने २००९ साली जागतिक स्मृतिठेव्यात समाविष्ट केला, हे कोठेसे वाचलेले स्मरत होते. परंतु नातीने लावलेली मालिका आधुनिक होती : २०२० आणि २०२१ साली दोन पर्वांत प्रसृत झालेली 'हॉस्पिटल प्लेलिस्ट', शिन वोन-हो यांचे दिग्दर्शन, ली वू-जंग यांचे लेखन. पाच मित्र, एकाच वैद्यकीय महाविद्यालयातले, एकाच इस्पितळात शल्यकर्म करणारे आणि फावल्या वेळी वाद्ये वाजविणारे. "आबा, यात कोणी कोणाला मारत नाही," एवढीच शिफारस तिने केली. आमच्या सायंकालीन मालिकांच्या मानाने ती पुरेशी होती.

या मालिकेत एक रात्र अशी येते. मेंदूमृत झालेल्या एका तरुण पित्याचे अवयव काढण्यासाठी शस्त्रक्रियागृह सिद्ध आहे, निरनिराळ्या इस्पितळांची पथके आपापल्या पेट्या घेऊन उभी आहेत, आणि यकृत घेण्यास आलेला शल्यविशारद ली इक-जून सर्वांना विनंती करतो की, दहा मिनिटे थांबू या. दिवस ५ मे आहे. कोरियात हा बालदिन असतो. मृताच्या पश्चात पाच वर्षांचा मुलगा आहे. दहा मिनिटांनी तारीख बदलेल, आणि मग त्या पोराला आयुष्यभर बालदिनाच्या दिवशी बापाचे श्राद्ध करावे लागणार नाही. कोणी हरकत घेत नाही. सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभे राहतात.

हे दृश्य पाहून माझी पत्नी, जी तोपर्यंत मेथी निवडीत होती, ती एकदम म्हणाली, "म्हणजे यांच्यातसुद्धा सण मोडतो." आपल्याकडे ज्या दिवशी घरात मृत्यू घडतो तो सण त्या भावकीत बंद पडतो, आणि त्याच दिवशी घरात मूल जन्मले किंवा गोठ्यात गाय व्याली तरच तो पुन्हा सुरू होतो, हे येथे ठाऊक नसलेले कोणी नसेल. माझ्या आजोळी पोळा असा कित्येक वर्षे बंद होता. गावभर बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागलेला, झुली चढलेल्या, वेशीत तोरणाखाली मानाच्या जोडीवरून हुज्जत चाललेली, आणि आमच्या मामाचे बैल मात्र नुसते धुऊन दावणीला उभे. लहानपणी मला त्या बैलांचीच दया येत असे. ज्याच्या मृत्यूमुळे हे झाले त्या माणसाचा विचार मनात येत नसे. सेऊलच्या पडद्यावरच्या त्या डॉक्टरने एका अनोळखी पोराचा पोळा वाचविला, असे आमच्या घरी त्या रात्री ठरले. (आपल्याकडे मात्र तिथी मध्यरात्रीच्या ठोक्याला बदलत नाही, येथे त्या पथकांना पंचांग घेऊन उभे राहावे लागले असते.)

माझ्या म्हणण्याचा गाभा येथेच आहे. त्या पेटीतून जे यकृत जाते, त्याने वाचणारा मनुष्य सुदैवी खरा. पण त्याचे सुदैव आणि त्या पोराचे दुर्दैव हे एकाच मिसलीतले दोन कागद आहेत. याच मालिकेत हृदयाची वाट पाहणाऱ्या दोन मुलांच्या आया इस्पितळात मैत्रिणी होतात. आधीपासून थांबलेलीचे मूल मागे राहते, नंतर आलेलीच्या मुलाला हृदय मिळते, आणि ही दुसरी आई आपला आनंद पहिलीपासून लपवीत फिरते. मला तो गव्हाचा तुकडा आठवला. शिवाय हृदय मिळो, ही प्रार्थना म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी मूल जावो ही प्रार्थना, हे त्या आयांना कळते. म्हणून तिथले आभार मोकळ्या कंठाने निघत नाहीत. आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत हृदयरोपण यशस्वी झाले. त्यापूर्वी १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. मध्ये डॉ. सेन यांनी ते धाडस केले होते, परंतु रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही. येथेही दाता आणि घेणारा यांची नावे एकमेकांना कळू दिली जात नाहीत. शाल कोणाच्या खांद्यावर घालणार? आपली कृतज्ञता फार करून फेडीची असते : नवस फेडला, पोशाख केला, खाते बंद. जेथे धनकोचे नाव-गावच ठाऊक नाही तेथे हे खाते उघडेच राहते, आणि माझ्या मते ते तसे राहिलेले बरे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या मालिकांतले डॉक्टर रुग्णाच्या नातलगांजवळ जितका वेळ बसतात तितका वेळ आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागात कोणापाशी नाही, आणि खुद्द कोरियातही नसावा. २०२४ च्या फेब्रुवारीत वैद्यकीय प्रवेशाच्या जागा वाढविण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्ध तेथील हजारो निवासी डॉक्टरांनी काम सोडले, आणि याच कथामालेतली पुढची, निवासी डॉक्टरांवरची मालिका त्यामुळे लांबणीवर पडून २०२५ मध्ये आली. जागा वाढू नयेत म्हणून तेथे डॉक्टर इस्पितळाबाहेर पडले. आपण परभणीकर एक वैद्यकीय महाविद्यालय मिळावे म्हणून वर्षानुवर्षे निवेदने देत आणि धरणी धरीत राहिलो, तेव्हा ते २०२३ मध्ये सुरू झाले. तोवर आपला रोगी घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला किंवा नांदेडला जाई, आणि वाटेत फाटक उघडे मिळो अशी आशा करी.

कोरियन लोकांच्या कृतज्ञतेचा एक पुरावा मात्र मालिकेबाहेरचा आहे. १९५० च्या नोव्हेंबरात भारताचे ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हुकमतीखाली कोरियात उतरले. डिसेंबरात प्योंगयांग सोडण्याची वेळ आली तेव्हा वाहने अपुरी, आणि शल्यक्रियेची सामग्री टाकून देण्यास हे लोक तयार नव्हते. त्यांनी एक आगगाडी मिळविली, बादल्या हातोहात देऊन इंजिनात पाणी भरले आणि जवानांनीच ती हाकीत दक्षिणेकडे आणली. पूर्णा जंक्शनवर वाफेची इंजिने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना बादलीने इंजिन भरणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. त्या सामग्रीवर पुढे ज्यांचे प्राण वाचले, त्यांपैकी किती जणांना त्या बादल्यांची वार्ता होती? तरी जवळजवळ सत्तर वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, दक्षिण कोरियाने रंगराज यांना त्या महिन्याचे युद्धवीर म्हणून गौरविले. रंगराज तेव्हा हयात नव्हते.

गेल्या वर्षी मी नेत्रदान व अवयवदानाचा नमुना भरला. माझ्या वयाच्या माणसाचे हृदय आणि तेही जाळी बसविलेले, कोणी घेणार नाही. पण डोळ्यांच्या पारपटलाला वयाची अट नसते, आणि ते मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागते. नमुन्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक जवळचा नातलग. चिरंजीवांनी कागद वाचावयास म्हणून नेला तो परत आणला नाही, दुसरा आणावा लागला. पत्नीला पुढच्या जन्मी मला आंधळे जन्मावे लागेल की काय, याची चिंता होती. नातीने तिची समजूत घातली, की मालिकेने घातली, हे मला निश्चित सांगता येणार नाही. अखेर ती सही करण्यास राजी झाली, पण अट घातली की, जायचे ते सणाच्या दिवशी जायचे नाही. अशी अट नोंदविण्यास त्या नमुन्यात रकाना नव्हता. तेव्हा मी ती तोंडी मान्य केली आणि तिने सही केली.