निवडणुकीची वर्गणी कोणी भरावी?



वर्गणी या शब्दाचा अर्थ ग्रंथालयाच्या सभासदांना सांगण्याची आवश्यकता नाही. पेडणे-डिचोलीच्या गावांतील जत्रा, नाटके, वाचनालये वर्गणीवरच उभी राहिली. आणि वर्गणी देणारा हिशेबही मागतो. निवडणुकीची वर्गणी मात्र कोणी भरावी?

गोमंतकात विधानसभेची पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. बहुजन समाजाच्या बळावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक होते आणि त्यांचे दातृत्व लोकांच्या आजही स्मरणात आहे. परंतु लोकशाहीला दात्याच्या स्वभावावर विसंबून राहता येत नाही.

२०२२ च्या निवडणुकीत गोव्यातील उमेदवाराची खर्चमर्यादा २८ लाख रुपये होती. मतदारसंघ सरासरी तीस हजारांच्या आतबाहेरचा. म्हणजे मतदारामागे शंभरेक रुपये. पेडण्याच्या एखाद्या शिक्षकाने किंवा काजू बागायतदाराने ही रक्कम आणावी कोठून? शिवाय पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मर्यादाच नाही. म्हणूनच इंद्रजित गुप्त समितीने १९९८ मध्ये मान्यताप्राप्त पक्षांना सरकारी साहाय्य, तेही वस्तुरूपाने, देण्याची शिफारस केली. २०१८ मध्ये आलेल्या निवडणूक रोख्यांनी उलट देणगीदाराचे नावच झाकले. सर्वोच्च न्यायालयाने ते १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविले.

मर्यादित शासनाचा पुरस्कार करणाऱ्यांचा आक्षेपही वजनदार आहे. जे मत मला अमान्य, त्याच्या प्रचाराला माझा कर का? अनुदानाचे नियम करणारे आमदार-खासदारच त्याचे लाभार्थी नव्हेत काय? त्याहून मूलगामी मुद्दा असा की, शासनाच्या हाती परवाने जितके मोलाचे, तितका सत्तेचा भाव अधिक. डिचोलीतील खनिजाचा पट्टा असो वा मोपाच्या विमानतळाभोवतालची जमीन असो, एका सहीने जिथे मोल पालटते, तिथे देणगी ही गुंतवणूक होण्याचा धोका असतो. तिजोरीतून अनुदान दिल्याने सहीचे मोल उतरत नाही. ते उतरवायचे तर परवाने उघड्या लिलावाने आणि जाहीर नियमांनी दिले पाहिजेत.

तथापि, सार्वजनिक साहाय्य आजही दिले जातेच. पक्षांच्या उत्पन्नाला करमाफी आहे, आकाशवाणी-दूरदर्शनवर विनामूल्य वेळ आहे. तेव्हा प्रश्न द्यावे की न द्यावे एवढाच नसून, कोणत्या अटीवर द्यावे हा आहे. जर्मनीत पक्षाला मिळणारे सरकारी साहाय्य त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाहून अधिक असू शकत नाही. आपण एक पाऊल पुढे जावे: सामान्य सभासदांच्या लहान, नावानिशी नोंदलेल्या वर्गणीइतकेच साहाय्य द्यावे आणि हिशेब सर्वांना पाहण्यास खुला ठेवावा. मग पक्षाला पुन्हा दारोदार जावे लागेल.

ग्रंथालयालाही अनुदानाने आधार मिळतो. पण अनुदान आले म्हणून सभासदांची वही मिटली, तर उरतात ती केवळ कपाटे. राजकीय पक्षांचेही याहून निराळे नाही. शतकभर ही वही उघडी ठेवणाऱ्या आपणा सर्वांना माझे अभिवादन.