करवीरनगरीत स्वागत

पाळी गेल्यानंतरचे आरोग्य आणि शरीरातले सूक्ष्मजीव या विषयावरच्या परिषदेसाठी आलेल्या सर्व डॉक्टरांचे, संशोधकांचे आणि परिचारिका भगिनींचे कोल्हापूरकर मनापासून स्वागत करतात.

अंबाबाईचे आणि ताराराणींचे हे गाव. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले ते याच संस्थानात. पण पाहुण्यांनी सवड काढून पाहावे ते सीपीआर रुग्णालय, म्हणजे पूर्वीचे अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ मध्ये तिथल्या स्त्री-विभागासाठी संस्थानने आनंदीबाई जोशींची नेमणूक केली. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. पुढे याच रुग्णालयात ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर आल्या आणि इथल्या बायकांना हक्काची डॉक्टरीणबाई मिळाली. आनंदीबाईंवर कादंबरी झाली, चित्रपट निघाला. कृष्णाबाईंचे नाव त्यांच्याच गावात फारसे कुणी घेत नाही. स्वागत समितीला याची खंत आहे.

असेच दुर्लक्ष या परिषदेच्या विषयाच्याही वाट्याला आले आहे. बाळंतपणासाठी दवाखान्यात येणारी बाई पाळी गेल्यावर मात्र लघवीची जळजळसुद्धा अंगावर काढते. इस्ट्रोजेन घटले की योनीच्या अस्तरातले ग्लायकोजेन कमी होते, त्यावर पोसणारे लॅक्टोबॅसिलस जंतू ओसरतात, लॅक्टिक आम्ल कमी पडते आणि संसर्गाला वाट मिळते. याला उपाय आहे. पाळी गेलेल्या आणि वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांवर रझ आणि स्टॅम यांनी केलेली चाचणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. योनीत इस्ट्रोजेन क्रीम लावणाऱ्यांना वर्षाकाठी सरासरी ०.५ वेळा, तर औषध नसलेले क्रीम लावणाऱ्यांना जवळपास सहा वेळा संसर्ग झाला. तीस वर्षे उलटून गेली तरी हे गावोगावच्या दवाखान्यांत पोचू नये?

आतड्यांतले जंतूही, शरीराबाहेर टाकले जाणारे इस्ट्रोजेन मोकळे करून काही अंशी रक्तात परतवतात. त्याचा उलगडा विद्वान वक्ते करतीलच.

व्यवस्थेत उणिवा आहेत. सगळ्यांची सोय एका ठिकाणी झाली नाही, काहींना लांबच्या कार्यालयात उतरावे लागले, महाद्वार रोडच्या गर्दीत गाड्या अडकल्या. पाहुण्यांनी मोठ्या मनाने क्षमा करावी. गुजरीतले सराफ, मार्केट यार्डातले गूळ व्यापारी, दूध संस्था, मंडपवाले आणि पहाटेपासून राबणाऱ्या बचतगटाच्या भगिनी यांचे समितीवर मोठे ऋण आहे. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आहे. शाकाहारी पंगत डावीकडच्या मंडपात बसेल.