पॅड जाड, म्हणून ब्रेक ठीक?

श्रोतेहो, हायब्रिड गाडीचे ब्रेक-पॅड जाड दिसले म्हणजे ब्रेक ठणठणीत, असं कृपा करून समजू नका. आज मला एवढंच सांगायचं आहे.

गॅरेजमध्ये चाकाच्या फटीतून टॉर्च मारतात, बाहेरचा पॅड जाड दिसतो आणि ‘काही काळजी नाही’ म्हणून गाडी परत देतात. अहो, पॅड झिजला नाही, कारण तो फारसा वापरलाच गेला नाही! गाडीचा वेग बराचसा मोटरच उतरवते. डिस्क आणि कॅलिपर नुसते पावसाचं पाणी खात बसतात. कोकणातल्या बंद घराचं कुलूप आठवा. गणपतीला उघडायचं, शिमग्याला उघडायचं, एरवी खारा वारा. कुलूप झिजलेलं नसतं, पण किल्ली फिरत नाही. कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो, त्या पिनांचं नेमकं हेच होतं. आणि मुसळधार पावसात दारात उभं असतानाच कुलूप हटून बसावं, तसा ब्रेक घाटात दगा देतो. लांब उतारावर बॅटरी भरली की मोटरची मदत आटते आणि सगळा भार या गंजक्या ब्रेकवर येतो.

म्हणून चाक काढायला लावा. आतला पॅडही बघा. आतला आणि बाहेरचा यांत मोठा फरक असेल, तर पिन अडकलेली असू शकते. पिन हातानं सरकली पाहिजे. ग्रीस ब्रेकसाठीचंच हवं, साध्या ग्रीसनं रबर फुगतं. फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू मात्र नका. एकच जास्त तापलं असेल, तर तिथं बहुधा ब्रेक धरून राहतोय.

डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा लागला असेल तर स्कॅनरवरचे कोड आधी लिहून घ्या, मग पुसा. आमचे मेकॅनिक बंधू आधी पुसतात, मग विचारतात काय झालं होतं! दार उघडल्यावर काही गाड्यांत ब्रेकला दाब देणारा पंप क्षणभर गुणगुणतो, ते चालतं. पण उभ्या गाडीत, पेडलला पाय न लावता तो सारखा सुरू होत असेल, तर दाब कुठंतरी गळतोय. हा पंप असा आपोआप सुरू होतो, म्हणून कॅलिपरला हात घालण्याआधी गाडी पूर्ण बंद हवी, किल्ली लांब हवी. नाहीतर बोटं...

वेळ संपल्याची खूण झाली. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, त्याबद्दल बोलायचं राहिलंच. पण पुन्हा सांगतो, पॅड जाड आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. येत्या सर्व्हिसिंगला चाक उतरवून घ्या आणि स्वतः शेजारी उभे राहा.