पाणी परत येतं, ऊन नाही



जुलै लागला की पावसाच्या बातम्यांत तीन नावं हटकून येतात: कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातली बाटली बाहेर काढायची, पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, पात्र डोळ्यांसमोर धरून आकडा वाचायचा, की ते पाणी फेकून पुढचं ओतायचं. धुवाधार पावसाच्या दिवशी हे पुन्हापुन्हा करावं लागतं. या पाण्याबरोबर आणखीही एक ऐवज डोंगरावर पोचलेला असतो. त्याची नोंद मात्र पावसाच्या वहीत होत नाही. तो ऐवज म्हणजे समुद्रावर पडलेलं ऊन.

त्याचा माग काढायला बरंच दक्षिणेला जावं लागतं. मॉरिशस, रियुनियन ही मस्कारीन बेटं. त्यांच्या दक्षिणेला, हिंदी महासागरावर, आपल्या पावसाळ्यात हवेचा दाब चढा असतो. तिथून सुटलेला वारा वायव्येकडे येतो, विषुववृत्त ओलांडतो, पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना अडतो आणि पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे उजवीकडे वळून अरबी समुद्रावर शिरतो. जॉन फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६९ साली या वाऱ्याचं सविस्तर वर्णन केलं. हा काही फार उंचावरचा वारा नव्हे. त्याचा सर्वांत जोरकस पट्टा जेमतेम दीड किलोमीटर उंचीवर असतो, म्हणजे महाबळेश्वरच्या पठाराच्या आसपासच.

वाटेत हा वारा समुद्राचं पाणी उचलतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे साडेचोवीस लाख ज्यूल उष्णता लागते. वीजबिलाच्या भाषेत, एका युनिटचा दोन तृतीयांश भाग. ती जाते समुद्राच्या खिशातून. मे महिन्यात तापलेला अरबी समुद्र भर पावसाळ्यात गार होतो, त्याचं हे एक कारण. वाफ म्हणजे समुद्राने उन्हाच्या नावे लिहिलेली हुंडीच म्हणा ना. ती वटते सह्याद्रीवर. वारा घाट चढतो, वर जाताजाता थंड होतो, वाफेचे थेंब होतात आणि अडकलेली उष्णता तिथल्या हवेत मोकळी होते. हवा आणखी हलकी होऊन आणखी वर जाते, खालून नवा दमट वारा ओढला जातो. पाऊस पडतो म्हणून वारा येतो, हेही वारा येतो म्हणून पाऊस पडतो याइतकंच खरं आहे. डोंगर उतरून पलीकडे गेलं की हा खेळ संपतो: महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या घरात.

आता कोयनेचं पाहा. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि रीतसर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. आपण धरण बांधलं, डोंगरातून बोगदे काढले आणि तिचं काही पाणी पश्चिमेला पोफळीकडे साडेचारशे मीटरांहून अधिक खाली सोडलं. वीज करून ते वाशिष्ठी नदीतून पुन्हा अरबी समुद्रात जातं. अभियांत्रिकीचं मोठंच काम. त्याचा अभिमान वाटावा असंच. पण हिशेब मांडला तर लिटरभर पाण्याच्या त्या उडीतून जी ऊर्जा मिळते, ती त्याच लिटरची वाफ करताना खर्च झालेल्या उष्णतेच्या साधारण पाचशेवा हिस्सा भरते. आपल्याला हाती लागते ती ही चिल्लर.

मग बाकीची जाते कुठे? तापलेली हवा चौदा-पंधरा किलोमीटर उंच चढते. तिथे, द्वीपकल्पाच्या माथ्यावर, पूर्वेकडून पश्चिमेकडे एक वेगवान वारा वाहतो. पी. कोटेश्वरम या आपल्याच हवामानशास्त्रज्ञाने तो १९५०च्या दशकात जगाच्या नजरेला आणून दिला. वर गेलेल्या हवेतली बरीचशी याच उंचीवरून दक्षिणेकडे परतते, मस्कारीन बेटांच्या बाजूला खाली उतरते आणि पुन्हा निघते. हवेचं चक्र पूर्ण झालं. पाण्याचंही होतं, कधी पोफळीमार्गे लवकर, कधी कृष्णेच्या मुखातून रमतगमत.

उष्णतेचं तसं नाही. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात तिन्हींचे बाण सारखेच गोल काढलेले दिसतात, आणि ते मला फसवे वाटतात. हवा फिरते, पाणी फिरतं; ऊर्जा मात्र फक्त पृथ्वीवरून जाते. उन्हाच्या रूपात येते, वाफेतून, वाऱ्यातून, पावसातून हात बदलते, आणि शेवटी न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून अंतराळात निघून जाते. ती परत येत नाही. सूर्य रोज नवी पाठवतो, म्हणून बाकीची दोन चक्रं चालतात.

म्हणूनच बाहेर जाण्याच्या वाटेवर अडथळा आला की सगळ्यावर परिणाम होतो. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवला, त्यामुळे ही उष्णता निघून जायला अडचण झाली. हवा एक अंश सेल्सिअसने तापली तर तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. जास्त वाफ म्हणजे पाणी जास्त, आणि वाऱ्याला ढकलणारी उष्णताही जास्त. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली १९५० ते २०१५ या काळातल्या पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिपटीने वाढल्या, आणि त्यांना लागणारी वाफ मुख्यतः अरबी समुद्रावरून आली, असं त्यांना आढळलं.