अंगणवाडीतल्या दोन पिढ्या

दक्षिण सोलापुरातल्या मंद्रूपसारख्या गावातल्या अंगणवाडीत दोन पिढ्या एकाच खोलीत काम करतात. सेविका किंवा मदतनीस म्हणून 18व्या वर्षी नेमणूक होऊ शकते आणि सेवा 65व्या वर्षापर्यंत चालते. त्यामुळे सेविका पंचविशीची आणि मदतनीस मावशी साठीच्या, असंही घडतं. हुद्द्यानं धाकटी वर, वयानं थोरली. मग मोबाईल धाकटीनं सांभाळावा आणि गावातली माणसं थोरलीनं, अशी वाटणी आपोआप होते. ती सोयीची दिसते, पण मला घातक वाटते. धाकटी रजेवर गेली की नोंदी अडतात. थोरली निवृत्त झाली की कोणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे, कुठलं कुटुंब ऊसतोडीला जातं, कुठल्या सुनेशी कन्नडमध्येच बोलावं लागतं, ही सगळी माहिती तिच्याबरोबर निघून जाते. इकडे ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे.

वयस्कर बायांना मोबाईल जमतच नाही, असं म्हटलं जातं. 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले होते, ते आठवावं. तक्रार निकृष्ट फोनची आणि ‘पोषण ट्रॅकर’ या नोंदींच्या इंग्रजी ॲपची होती, आणि ती तरुण सेविकांचीही होती. साधन वाईट असताना दोष वयाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. उलट, अनुभवी नजर कधी चुकतच नाही, हेही मला मान्य नाही. वाढ खुंटलेलं मूल दरवेळी हडकुळं दिसतंच असं नाही. तीन वर्षांचं मूल दोनचं वाटतं, ‘त्यांच्या घरात सगळेच बुटके’ असं कोणीतरी म्हणतं आणि विषय संपतो. ते कळतं उंची मोजून, वयाशी ताडून पाहिल्यावरच. तिथं मोजण्याचा हट्ट धरणाऱ्या धाकटीचं ऐकलंच पाहिजे. मात्र त्यानंतर त्या घरी जाऊन, सासूसमोर सुनेला कमीपणा न आणता, मुलाच्या खाण्याची चौकशी कशी करायची, हे थोरलीकडून शिकायचं.

शिकायला वेळ कुठे आहे, हा प्रश्न खरा आहे. नोंदी, आहारवाटप, गृहभेटी यांतच दिवस जातो. पण वजन-उंचीचा दिवस दर महिन्याला येतो. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं निजवून मोजतात; एकीनं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे सरळ करून तळवे टेकवायचे. तिथं दोघी लागतातच. मग एका महिन्यात मावशींनी सेविकेशेजारी बसून मोबाईलमध्ये स्वतःच्या बोटानं आकडे भरावेत, पुढच्या महिन्यात सेविकेनं. नोंदीची जबाबदारी सेविकेची असते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पाठवण्यापूर्वी तिनं ती तपासावी. पात्र मदतनिसाला पुढे सेविका होता येतं, तेव्हा हे शिक्षण वाया जाणार नाही. आणि एखादं आजारी मूल मावशींनी आधी हेरलं असेल, तर मुख्यसेविकांच्या बैठकीत ते त्यांच्या नावानं सांगितलं जावं.